लहान-मोठ्या अक्षरांखालची अंडरलाइन: ती नेमकी कोणाची असते?

प्रश्न थोडक्यात असा: एका लिंकमधला मजकूर १६ पिक्सेलचा आहे आणि त्यातला एक शब्द स्पॅनमध्ये (मजकुराचा तुकडा वेगळा काढणारा एचटीएमएल टॅग) घालून ४८ पिक्सेलचा केलाय. अंडरलाइन मात्र मोठ्या शब्दाखालीही तेवढीच बारीक राहते आणि अक्षरांच्या शेपट्यांमधून (g, p, y यांचा खाली लोंबणारा भाग) आरपार जाते. स्पॅनला सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) 'टेक्स्ट-डेकोरेशन: नन', म्हणजे रेघ नको, असं दिलं तरी ती हटत नाही. एका जुन्या ब्राउझरमध्ये तीच रेघ मोठ्या शब्दाखाली जाड होते आणि पायरी उतरल्यासारखी खाली जाते. यातलं बरोबर कोणतं, आणि ही अंडरलाइन नीट कशी दिसेल?

सरळ, एकाच जाडीची रेघ काढणारा ब्राउझर बरोबर आहे. पायरी करणारा जुन्या पद्धतीने चाललाय. आणि स्पॅनवरच्या 'नन'चा उपयोग होत नाही, कारण स्पॅनवर काढून टाकण्यासारखं काही नाहीच.

रंग, फॉन्ट, लाइन-हाइट या गोष्टी आतल्या एलिमेंटला वारशाने मिळतात, म्हणून अंडरलाइनही तशीच मिळत असणार असं आपण धरून चालतो. पण टेक्स्ट-डेकोरेशन-लाइन ही प्रॉपर्टी इनहेरिट होत नाही. डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) त्या स्पॅनची कंप्यूटेड व्हॅल्यू, म्हणजे शेवटी लागू झालेली किंमत, उघडून बघा, तिथे आधीपासूनच 'नन' असेल, आणि तरीही खाली रेघ दिसत असेल. ही रेघ लिंकची आहे. लिंकने ती आपल्या सगळ्या मजकुराखाली ओढली आणि स्पॅनमधला शब्द त्या मजकुरातच येतो. सीएसएसच्या स्पेसिफिकेशनमध्ये (अधिकृत नियमावलीत) अशा एलिमेंटच्या बॉक्सला 'डेकोरेटिंग बॉक्स' म्हणतात. मी पुढे त्याला रेघेचा मालक म्हणतो, कारण या विषयातले निम्मे प्रश्न 'मालक कोण' एवढं ठरवलं की सुटतात.

खात्री करायची असेल तर स्पॅनला लाल रंग द्या. शब्द लाल होईल, रेघ लिंकच्या निळ्या रंगाचीच राहील. रंग मालकाचा, ठिपके की लाट हे मालकाचं, जाडी मालकाची, बेसलाइनपासूनचं (अक्षरं जिच्यावर उभी असतात त्या रेषेपासूनचं) अंतरही मालकाचं. (जुन्या फॉन्ट टॅगला रंग दिला असेल तर रेघेचा रंगही बदलतो. एचटीएमएलच्या नियमांत जुन्या पानांसाठी मुद्दाम ठेवलेली ती सवलत आहे, तिच्यावर आज काही उभं करू नका.)

मग पायरी कुठून आली? १९९८च्या सीएसएस २ मधली भाषा ढिली होती. अंडरलाइन आतल्या एलिमेंटवर ढकलून द्यायची आणि प्रत्येकाने आपल्या फॉन्टप्रमाणे ती काढायची, असाही तिचा अर्थ लावता येत होता, आणि काही ब्राउझरांनी तो लावला. अंमलबजावणीला तो सोपाही पडतो: मजकुराचा प्रत्येक तुकडा रंगवताना त्याचाच फॉन्ट विचारायचा, वर कोण मालक आहे ते शोधत बसायला नको. २०११ मध्ये शिफारस म्हणून पक्क्या झालेल्या सीएसएस २.१ ने हे स्पष्ट केलं. जागा आणि जाडी ठरवताना आतल्या मजकुराचे आकार विचारात घ्यायला हरकत नाही, पण एका ओळीवर एकच बेसलाइन आणि एकच जाडी वापरायची. त्याच मजकुरात हेही मान्य केलं आहे की जुन्या ढाच्याचे ब्राउझर आतल्या एलिमेंटवर रेघ ढकलत आले आहेत आणि आधीच्या शब्दयोजनेत ते बसतही होतं. त्यामुळे जुन्या इंजिनात पायरी दिसली तर तुमच्या कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

आता आकडे. बहुतेक फॉन्ट फाइलमध्ये 'पोस्ट' नावाचं टेबल असतं, त्यात अंडरलाइनची जागा आणि जाडी असे दोन आकडे डिझायनरने भरलेले असतात. समजा एका फॉन्टचा एम (फॉन्ट-साइझएवढं माप) १००० युनिटचा आहे, जागा उणे १०० आणि जाडी ५०. मग १६ पिक्सेलला रेघ बेसलाइनच्या १.६ पिक्सेल खाली आणि ०.८ पिक्सेल जाड व्हायला हवी. ४८ पिक्सेलला तीच ४.८ पिक्सेल खाली आणि २.४ पिक्सेल जाड. मालक १६ पिक्सेलचा असेल तर ४८ पिक्सेलच्या शब्दालाही १.६ पिक्सेलवरची रेघ मिळते. त्या आकाराच्या लॅटिन अक्षरांच्या शेपट्या बेसलाइनखाली दहाएक पिक्सेल जातात, म्हणजे रेघ त्यांना अगदी मुळापाशीच कापते. प्रश्नातलं चित्र हेच आहे.

मालक ४८ पिक्सेलचा आणि आतला शब्द १६ पिक्सेलचा असेल तर उलटं होतं. रेघ ४.८ पिक्सेल खाली जाते आणि लहान अक्षरांच्या तीन-साडेतीन पिक्सेलच्या शेपट्या तिला शिवतही नाहीत. शब्द रेघेवर अधांतरी तरंगल्यासारखा दिसतो, पण वाचायला त्रास होत नाही. दोन्हींतलं एक निवडायचं असेल तर मी हेच निवडतो.

फॉन्टमधल्या आकड्यांवर सगळी इंजिनं (पान रंगवणारे ब्राउझरचे भाग) सारखा विश्वास ठेवत नाहीत. फायरफॉक्सचं गेको इंजिन जाडी आणि जागा फॉन्टकडून घेतं, पण ज्यांचे अंडरलाइनचे आकडे भरवशाचे नाहीत अशा फॉन्टांची यादीही त्याने वेगळी ठेवलेली आहे. क्रोमचा पाया असलेलं क्रोमियम जाडी 'ऑटो' (ब्राउझरवर सोडलेली) असताना फॉन्टला विचारतच नाही. फॉन्ट-साइझचा दहावा भाग घेतो, किमान एक पिक्सेल. म्हणजे १६ला १.६ आणि ४८ला ४.८. तोच फॉन्ट, तेच पान, आणि दोन ब्राउझरांत रेघेची जाडी वेगळी, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. शिवाय ओपनटाइपच्या नियमानुसार 'पोस्ट'मधली जागा रेघेच्या वरच्या कडेची असते, तर पोस्टस्क्रिप्टच्या परंपरेत ती रेघेच्या मध्याची. फॉन्ट एका प्रकारातून दुसऱ्यात नेताना हे भान सुटलं की रेघ अर्ध्या जाडीने सरकते. शेवटी हे सगळं पिक्सेलांच्या जाळीवर बसवावं लागतं, तिथे राउंडिंग होतं. म्हणून १०० टक्के झूमला दिसलेला अर्ध्या पिक्सेलचा फरक घेऊन कोणाशी वाद घालू नये.

स्पेसिफिकेशनची पुढची पातळी, म्हणजे सीएसएस टेक्स्ट डेकोरेशन मॉड्यूल, यात एक पाऊल पुढे जाते. त्या ओळीवर मालकाच्या रेघेखाली येणारा सगळा मजकूर बघायचा, प्रत्येक तुकड्याची आदर्श जागा काढायची आणि सरासरी घ्यायची, असा तिचा विचार आहे. आपल्या उदाहरणात १.६ आणि ४.८ यांची सरळ सरासरी ३.२. कागदावर हे छान वाटतं. प्रत्यक्षात इंजिनं या भानगडीत फारशी पडत नाहीत, मालकाचा फॉन्ट धरून मोकळी होतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. सरासरी प्रत्येक ओळीची वेगळी निघते, म्हणजे खिडकी अरुंद केली आणि मोठा शब्द दुसऱ्या ओळीवर गेला की पहिल्या ओळीची रेघ वर सरकणार. रेघ कधी कुठे असेल ते सांगता न येण्यापेक्षा ती एका जागी खिळलेली बरी.

खोडरेघेला मात्र हा नियम लावून चालत नाही. लाइन-थ्रू मालकाच्या उंचीवर काढली तर ४८ पिक्सेलच्या शब्दाच्या पायथ्याजवळून जाईल आणि शब्द खोडलाय हे कळणारच नाही. म्हणून तिच्यासाठी स्पेसिफिकेशन वेगळा नियम देतं: फॉन्ट-साइझ बदलली की तो तुकडा नवा मालक असल्यासारखा धरायचा आणि त्याच्या योग्य उंचीवर रेघ काढायची. तिथे पायरी दिसली तर ती बरोबर आहे.

सुपरस्क्रिप्ट आणि सबस्क्रिप्टपाशी जरा थांबू, कारण लहान-मोठ्या आकारांची सरमिसळ रोजच्या कामात सर्वाधिक तिथेच होते: तळटीपेचा आकडा, चौरस मीटरमधला दोन, रासायनिक सूत्र. लिंकच्या आत सुपरस्क्रिप्ट असेल आणि तो 'व्हर्टिकल-अलाइन: सुपर'ने उचललेला असेल, तर रेघ मालकाच्या बेसलाइनवर सरळ जाते, आकडा वर राहतो. छान दिसतं. पण कित्येक प्रोजेक्टांत नॉर्मलाइज डॉट सीएसएस किंवा त्याच्यावरून बेतलेलं रिसेट (ब्राउझरांच्या मूळ शैली सारख्या करणारी फाइल) असतं. त्यात सुपरस्क्रिप्टचा फॉन्ट ७५ टक्के केलेला असतो, व्हर्टिकल-अलाइन पुन्हा बेसलाइनवर आणलेलं असतं, आणि आकडा 'पोझिशन: रिलेटिव्ह' व 'टॉप: उणे ०.५ एम' अशा जोडीने वर उचललेला असतो. लाइन-हाइट बिघडू नये म्हणून केलेली ती युक्ती आहे आणि त्या कामापुरती चांगलीच आहे. पण सीएसएस २.१ चा नियम असा की रिलेटिव्ह पोझिशनने मजकूर हलवला की त्याच्या वाट्याची अंडरलाइनही त्याच्याबरोबर हलते. १६ पिक्सेलच्या लिंकमध्ये ७५ टक्के म्हणजे १२ पिक्सेल, त्याचा अर्धा एम म्हणजे ६ पिक्सेल. लिंकखालची रेघ सरळ येते आणि शेवटच्या आकड्याखाली अचानक ६ पिक्सेल वर उडी मारते. 'माझ्या लिंकची अंडरलाइन तुटते' असं कोणी म्हणालं की मी आधी रिसेटची फाइल उघडतो. उपाय साधा आहे: लिंकच्या आतल्या सुपरस्क्रिप्टपुरतं 'पोझिशन: स्टॅटिक' आणि 'व्हर्टिकल-अलाइन: सुपर' करा. लाइन-हाइट शून्य तशीच राहू द्या, म्हणजे ओळींमधलं अंतरही बिघडत नाही.

आता 'नन' चालत नाही, तर रेघेतून सुटायचं कसं? मालकाची रेघ काही बॉक्सांच्या आत शिरत नाही: इनलाइन-ब्लॉक, इनलाइन-टेबल, फ्लोट आणि ॲब्सोल्यूट पोझिशन केलेले. मोठा शब्द इनलाइन-ब्लॉक केला की लिंकची रेघ त्याला वगळून पुढे जाते. मग त्याला स्वतःचं 'अंडरलाइन' द्या, म्हणजे तो स्वतःच मालक होतो आणि ४८ पिक्सेलला शोभेल अशी जाडी आणि जागा त्याला मिळते. ज्यांना पायरीच हवी आहे त्यांनी ती अशी मिळवावी, सगळ्या ब्राउझरांत येते. एक अडचण आहे. इनलाइन-ब्लॉक अख्खाच्या अख्खा ओळीवर बसतो, त्यातला मजकूर आजूबाजूच्या मजकुरासारखा मधेच तुटून खालच्या ओळीवर जात नाही. एका शब्दाला ठीक, वाक्याला नको.

इनलाइन-ब्लॉक न करता स्पॅनला नुसतंच 'अंडरलाइन' दिलं तर? मग दोन मालक आणि दोन रेघा. लिंकची बारीक रेघ वर, स्पॅनची जाड रेघ खाली, आणि त्या एकमेकींवर चढल्या तर एकच ओबडधोबड पट्टा दिसतो. एक रेघ दुसरीला रद्द करत नाही, त्या साठत जातात. लिंकवरची रेघ काढून प्रत्येक तुकड्याला वेगळी दिली तर हे टळतं. तेव्हा तुकड्यांमधल्या स्पेस कोणत्या स्पॅनच्या आत आहेत तेवढं बघा, बाहेर राहिलेल्या स्पेसखाली रेघ येणार नाही.

बॉर्डर-बॉटम वापरा असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. या प्रश्नाला तो उपाय नाही. इनलाइन एलिमेंटची बॉर्डर त्याच्या स्वतःच्या फॉन्टच्या उंचीवरून बसते, आतला स्पॅन कितीही मोठा असला तरी लिंकचा बॉक्स त्याच्यासाठी ताणला जात नाही. १६ पिक्सेलच्या लिंकची बॉर्डर बेसलाइनच्या चारेक पिक्सेल खाली येईल आणि मोठ्या शब्दाच्या शेपट्यांमधून तशीच जाईल, वर शेपटीपाशी थांबणारही नाही.

शेपटीपाशी थांबण्याचं काम टेक्स्ट-डेकोरेशन-स्किप-इंकचं. क्रोमने ते २०१८ मध्ये ६४व्या आवृत्तीत आणलं, फायरफॉक्सने २०१९ मध्ये ७०व्या. मूळ स्थितीत ते 'ऑटो' असतं, म्हणजे अक्षराची शाई जिथे रेघेला भिडते तिथे रेघ खंडित होते. एकाच आकाराच्या मजकुरात हे सुबक दिसतं. बारीक रेघ मोठ्या अक्षरांच्या मुळाशी आली की खंड मोठे होतात आणि दोन शेपट्यांच्या मधे रेघेचे बोटभर तुकडे लोंबत राहतात. 'नन' केलं तर रेघ अखंड होते पण अक्षरं कापते. दोन्ही वाईट, कारण मूळ दोष रेघेच्या जागेत आहे.

देवनागरीत हे जास्त जाणवतं. उकार, ऋकार, पायमोडी, 'ट्र'मधला रकार हे सगळं अक्षराच्या पायाशी लटकतं. 'कृतिपूर्व' किंवा 'गुरुकुल' असा शब्द अंडरलाइन करून बघा, रेघेची लक्तरं होतात. त्यातच अंडरलाइनची जागा मालकाच्या पहिल्या उपलब्ध फॉन्टवरून ठरते. फॉन्ट-फॅमिलीत आधी लॅटिन फॉन्ट आणि मागे देवनागरी अशी सवयीची मांडणी असेल तर अक्षरं एका फॉन्टची आणि रेघ दुसऱ्याच फॉन्टच्या हिशेबाने बसते. मराठी मजकुराला लँग ॲट्रिब्यूट (मजकुराची भाषा सांगणारी खूण) देऊन तिथे देवनागरी फॉन्ट पहिला ठेवा, आणि 'टेक्स्ट-अंडरलाइन-पोझिशन: अंडर' वापरा, रेघ शेपट्यांच्या खाली जाते. आणखी एक: लॅटिनच्या शेजारी देवनागरी बारीक दिसते म्हणून तिला स्पॅनमध्ये घालून फॉन्ट-साइझ वाढवायची पद्धत बरीच दिसते. अशाने आपणच दोन आकारांचा घोळ अंडरलाइनच्या वाट्याला आणतो. त्याऐवजी फॉन्ट-फेसमध्ये (पानाला फॉन्ट जोडणाऱ्या नियमात) 'साइझ-ॲडजस्ट' द्या. अक्षरं मोठी होतात आणि सगळ्यांची फॉन्ट-साइझ एकच राहते.

तर मूळ लिंकसाठी काय करायचं? मी असं करेन. मालक कोण असावा ते आधी ठरवा. मोठा शब्दच मुख्य असेल तर लिंकची फॉन्ट-साइझ ४८ करा आणि उरलेला मजकूर स्पॅनमध्ये घालून लहान करा. उलटं रचलेलं मार्कअप, पण रेघ मोठ्या अक्षरांच्या हिशेबाने बसते. मग क्रोमियमची ४.८ पिक्सेल जाडीची रेघ लहान मजकुराला जड वाटली तर टेक्स्ट-डेकोरेशन-थिकनेस देऊन २ पिक्सेलवर आणा. मार्कअप हातात नसेल, म्हणजे सीएमएस (मजकूर सांभाळणारी प्रणाली) देईल तेच घ्यायचं असेल, तर लिंकवर टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट वाढवून रेघ मोठ्या शेपट्यांच्या खाली न्या. ऑफसेट मालकाच्या अख्ख्या रेघेला एकच लागू होतो, आत आकार कितीही असोत. लहान मजकुराखाली रेघ जरा दूर पडेल, तेवढं सोसावं लागतं. लाइन-हाइट मात्र तपासा, ती रेघ खालच्या ओळीच्या डोक्याला लागता कामा नये.

ऑफसेट इनहेरिट होतो, थिकनेस होत नाही, आणि यातून दोन सापळे तयार होतात. पहिला: बॉडीवर ऑफसेट ०.१५ एम लिहिला तर तो तिथेच १६ पिक्सेलच्या हिशेबाने २.४ पिक्सेल होतो आणि ४८ पिक्सेलच्या मथळ्यातल्या लिंकलाही २.४च मिळतात. तिथे टक्के वापरा. टक्के टक्के म्हणूनच वारशाने जातात आणि प्रत्येक मालकाच्या आकाराप्रमाणे मोजले जातात. दुसरा: टेक्स्ट-डेकोरेशन हे शॉर्टहँड (अनेक प्रॉपर्टी एकत्र लिहिण्याचा प्रकार) आहे आणि ते थिकनेस परत 'ऑटो'वर आणतं. लिंकवर थिकनेस नीट ठरवलेला असतो, आणि होव्हरच्या नियमात कोणीतरी नुसतं 'टेक्स्ट-डेकोरेशन: अंडरलाइन' लिहिलेलं असतं. माउस नेला की रेघ जाड होते. होव्हरमध्ये टेक्स्ट-डेकोरेशन-लाइन एवढंच लिहा.

तपासताना रेघेला मजकुरापेक्षा वेगळा भडक रंग द्या, झूम ४०० टक्के करा, स्किप-इंक 'नन' करा आणि रेघेची शैली ठिपक्यांची ठेवा. एकाच जागी, एकाच जाडीची असली तरी रेघ आतून बहुधा मजकुराच्या तुकड्यागणिक रंगवली जाते, आणि जिथे तुकडा बदलतो तिथे ठिपक्यांची लय चुकलेली दिसते. तो सांधा दिसला की आतल्या एलिमेंटची हद्द कळते, आणि सांध्यापाशी रेघ वरखाली होत असेल तर मालक बदललाय, कोणीतरी पोझिशन लावलीय किंवा ब्राउझर जुन्या ढाच्याचा आहे, या तिन्हींतलं एक; पहिल्या दोन गोष्टी कंप्यूटेड टॅबमध्ये लगेच दिसतात.